दुकान क्रमांक सातच्या पिशव्या

९ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

फोनवर मला काही सुचत नाही. 'बरं आहे, ठेवतो' याच्या पलीकडे गाडी जात नाही, म्हणून लिहितोय.

तुझ्या खात्याचा डबा दुकानात येऊन महिना झाला. डबा कसला, कपाटच ते. हिरवं, माझ्या छातीइतकं उंच, आणि वर पांढऱ्या अक्षरांत 'वापरलेल्या पिशव्या इथे परत करा'. दोन माणसांनी ते दारातून आत घेताना बिस्किटांची अख्खी मांडणी पाडली. मी चकार शब्द काढला नाही. एरवी काढला असता, हे तुला माहीत आहे.

सगळ्या राज्यातून बारा दुकानं चाचणीला निवडायची आणि चिठ्ठी टाकून त्यात नेमकं आपलं दुकान निघायचं, याला मी नशीब म्हणतो. तुझी मामी याला शिक्षा म्हणते. तिचं सोड. माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत पाच वर्षं राहून शिकलेली मुलगी आज सरकारचे नियम लिहिते, आणि तिनं लिहिलेला नियम माझ्याच दारात उभा आहे. येणाऱ्या प्रत्येकाला मी ते सांगतो. काल बेकरीवाला म्हणाला, "शेट, तीन वेळा ऐकलं. भाचीला सांगा, आता मामा लोकांनी किती वेळा बोलायचं याचंही एक कलम घाला."

आता खरी बातमी. दर गुरुवारी गाडी येते. आतापर्यंत आमचे चार गठ्ठे गेले आणि कारखान्यानं एकही परत पाठवला नाही. गाडीवाला म्हणाला, "काका, तुमच्या पिशव्या नव्यापेक्षा बऱ्या." तुझ्या खात्याचा माहितीचा तक्ताही वेळेवर भरून दिला आहे. आम्हाला दुकान क्रमांक सात असा नंबर मिळाला आहे.

मामी बरी आहे. थंडीनं हात फुटलेत तेवढेच. बाकी सगळं छान.

तुझा मामा

२६ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि एकटीच हसत बसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, बढती मिळाली.

तुला खरं सांगते, इथे चित्र काही बरं नाही. नियम कागदावर सरळ आहे. दुकानानं पिशव्या परत घ्यायच्या, स्वच्छ आणि कोरड्या ठेवायच्या, सरकारच्या गाडीनं त्या पुनर्वापराच्या कारखान्यात न्यायच्या. पण बाकीच्या अकरा दुकानांतून निघालेल्या दहा गठ्ठ्यांतले सात परत येतात. कुणात दूध सांडलेलं, कुणात भाजीचा चिखल. कारखाना दारातूनच हाकलतो. मग जाण्याचं भाडं, येण्याचं भाडं, आणि शेवटी ते कचऱ्यात पुरण्याचा खर्च. हे सगळं लोकांच्या करातून. परवा वरिष्ठांनी हिशेब मांडून दाखवला. एक किलो जुन्या पिशव्या परत घेण्यात जेवढं जातं, तेवढ्यात नव्या पाच किलो पिशव्या येतील. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

एप्रिलमध्ये मला विधिमंडळाच्या समितीपुढे अहवाल द्यायचा आहे. नियम अकराशे दुकानांना लावायचा की गुंडाळायचा, ते तिथे ठरेल. आणि सगळ्या तक्त्यांत एकच ओळ डोळ्यांत भरते. दुकान क्रमांक सात: परत आलेले गठ्ठे शून्य, नेमलेले पगारी कामगार शून्य. मामा, तुला हे कसं जमतं? तुझं दुकान माझ्याच घरचं, म्हणून मी तपासणीला येऊ शकत नाही, बरं दिसत नाही. तूच लिही.

मामीला म्हणावं, हाताला काहीतरी चोळ. थंडी अजून वाढणार आहे.

तुझी ठमी

८ डिसेंबर

प्रिय ठमे,

यात जमण्यासारखं काय आहे? गिऱ्हाइकांना शिस्त लावली. घाण पिशवी आणली की मी नुसता चष्म्यावरून बघतो. माणूस ओशाळतो आणि पुढच्या वेळी स्वच्छ आणतो. तुझ्या त्या अकरा दुकानदारांना चष्मे वाटा.

बाकी थोडीफार झाडपूस करावी लागते, ती आपण दुकानाची करतोच. शेजारचे मास्तर, तुझ्या आठवणीतले, शाळेत चित्रकला शिकवायचे ते, आता रिकामेच असतात. तेही येऊन बसतात. गप्पा होतात, काम होतं.

तू समितीपुढे उभी राहशील तेव्हा दुकान सात म्हणून मोठ्यानं सांग. काल आठवा गठ्ठा गेला, शून्य परत.

मामी म्हणते, चोळून झालं.

तुझा मामा

३० जानेवारी

प्रिय मामा,

महिनाभर लिहिलं नाही, कारण मान वर करायला फुरसत नव्हती. आता ऐक आणि मामीलाही वाचून दाखव.

मसुदा तयार झाला. त्यात एक अख्खं प्रकरण दुकान सातवर आहे. एका साधारण दुकानानं, एकही जादा माणूस न ठेवता, केवळ शिस्तीवर हे करून दाखवलं, असं मी लिहिलं आहे. याच पद्धतीनं अकराशे दुकानं चालली तर सरकारचा खर्च तिसऱ्या हिश्शावर येतो. म्हणजे नियम वाचला. वरिष्ठांनी मसुदा वाचून पहिल्यांदाच माझ्यासाठी चहा मागवला. समितीपुढेही मीच बोलायचं असं ठरलं आहे.

आणि दंडाचं कलमही घातलं आहे. ज्या दुकानाचे तीन गठ्ठे परत येतील त्याला दंड. सातला जमतं तर इतरांना का जमू नये? नऊ वर्षं या खात्यात काढली मामा, पण एखादा आकडा बघून छाती फुगली असं प्रथमच झालं.

तुझी ठमी

११ फेब्रुवारी

पोरी,

मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझे मामा गोदामात गेलेत, तेवढ्यात उरकते.

तुझं पत्र त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं आणि बेकरीवाल्याला एकदा. मी शेगडीसमोर उभी होते, म्हणून त्यांना माझं तोंड दिसलं नाही.

शिस्तबिस्त काही नाही गं. लोक आणतात त्या पिशव्या जशा असायच्या तशाच असतात. आम्ही त्या धुतो. पहाटे पाचला उठायचं. मागच्या अंगणात तीन टब मांडलेत. एकात साबण, दोनांत साधं पाणी. मी धुते, तुझे मामा पिळतात, मास्तर गच्चीवर नेऊन दोरीला चिमटे लावतात. साडेआठला दुकान उघडेपर्यंत हेच. वाळल्या की मी घड्या घालते. आमची गच्ची लांबून बघशील तर वाटेल, घरात वीस बाळं आहेत. गेल्या आठवड्यात एका पिशवीतून मेलेला उंदीर निघाला. मास्तर किंचाळले. तर तुझे मामा म्हणतात, "हळू मास्तर, गिऱ्हाईक ऐकेल."

माझे हात थंडीनं फुटले नाहीत. चिघळले होते. डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "काय काम करता?" मी म्हटलं, "काही नाही, घरीच असते." वाटेत माझं मलाच हसू आलं. घर येईपर्यंत ते गेलं.

मी तक्रार करत नाही. तुझं नाव मोठं होतंय म्हणून मी हे जन्मभरही केलं असतं. पण ते दंडाचं वाचलं आणि बसवेना. तू लिहितेस, सातसारखं करा. मग त्या अकराशे दुकानांत माझ्यासारखी एकेक बाई सरकार कुठून आणणार?

हे कळल्यावर ते चिडतील. चिडू देत. माझं मी बघते.

मामी

१७ फेब्रुवारी

मामा,

रागावून लिहिलेलं पहिलं पत्र फाडलं. हे दुसरं आहे.

मामीनं मला सगळं लिहिलंय. तिला एक शब्दही बोलू नकोस. बोलायचंच असेल तर मला बोल, कारण मूळ चूक माझी आहे. तक्ता मी बनवला. त्यात रकाना ठेवला 'नेमलेले पगारी कामगार'. तू शून्य लिहिलंस. ते खरंच होतं. घरच्या माणसांसाठी मी रकानाच ठेवला नव्हता.

आणि का ठेवला नाही, याचाच चार दिवस विचार करतेय. पाच वर्षं मी तुमच्याकडे राहिले. मामी दुकान झाडायची, पोत्यांतलं धान्य निवडायची, तू जेवायला गेलास की गल्ल्यावर बसायची. मी सुट्टीत साखरेच्या पुड्या बांधायची. यातलं एकही कुणी काम म्हणून मोजलं नाही. मीही मोजलं नाही. तेच डोक्यात घेऊन सरकारी तक्ता आखायला बसले.

आता दोन गोष्टी कर. पिशव्या धुणं आजपासून बंद. चाचणीचे उरलेले आठवडे डब्यात जे पडेल ते तसंच गाडीत जाऊ दे. आणि सुरुवातीपासून तिघांचे किती तास गेले, ते वेगवेगळे लिहून पाठव.

ठमी

२५ फेब्रुवारी

ठमे,

मी चोरी केलेली नाही. तू विचारलंस पगारी माणसं किती, मी म्हटलं शून्य. पिशव्या स्वच्छ पाहिजेत म्हणालीस, स्वच्छ दिल्या. आता त्या स्वच्छ दिल्या म्हणून मीच आरोपी?

तुझ्या नियमाचा डबा माझ्या दारात घाण मारणार, हे मला बघवलं नाही. पहिल्याच आठवड्यात झाकण उघडलं तेव्हा एक बाई नाकाला पदर लावून म्हणाली, "कुणाच्या डोक्यातून निघालं हे?" त्याच संध्याकाळी मी टब आणले.

गठ्ठा परत आला की दुकानाच्या काचेवर लाल कागद चिकटवतात, हे तुला ठाऊक आहे. तूच ठरवलं असशील. मी बत्तीस वर्षं या रस्त्यावर मान वर करून राहिलो. आता भाचीच्याच हातचा लाल कागद लावून घेऊ? मी एक माणूस ठेवतो हवं तर, पदरचा पगार देऊन. मामीला त्रास होणार नाही. तुझा अहवाल आहे तसा जाऊ दे. एवढ्या वर्षांनी नाव होतंय तुझं, त्याला स्वतःच काळं फासू नकोस.

मामा

४ मार्च

प्रिय मामा,

दुकान क्रमांक चार एक बाई एकटीच चालवते. नवरा नाही, मुलगा परगावी. तिचे नऊ गठ्ठे परत आले. मी परवा तिच्याकडे जाऊन आले. तिनं डबा स्वतः धुतला होता, पिशव्या धुवायला मात्र तिला तिसरा हात नाही. मला म्हणाली, "मॅडम, तो सात नंबरवाला कोण आहे हो? आम्हाला सारखं त्याचं नाव ऐकवतात. जादूगार आहे का?"

माझ्या मसुद्याप्रमाणे मामा, या बाईला दंड होणार. तुझ्या शून्यामुळे आणि माझ्या रकान्यामुळे.

तू पगारी माणूस ठेवलास तर एक दुकान धुतलं जाईल. अकराशे दुकानांत तेवढी माणसं ठेवायची तर त्याचा पैसा कुणीतरी देणारच. दुकानदार देईल, गिऱ्हाईक देईल, नाहीतर सरकार देईल. तो किती, हे समितीला कळायला हवं. मग त्यांनी खुशाल नियम ठेवावा किंवा मोडावा. नियम गेला तर मला वाईट वाटेल, लपवत नाही. नऊ वर्षांतलं एवढंच एक काम मी माझं म्हणून दाखवू शकते. पण ते खोट्या आकड्यावर उभं राहिलं तर मला ते माझं म्हणता येणार नाही.

तू मला लहानपणी तराजू धरायला शिकवलंस. मला वाटतं, यापुढे मी तुला काही समजावायची गरज नाही.

तुझी ठमी

३० मार्च

प्रिय ठमे,

चाचणी संपली. तीन आठवडे एकही पिशवी धुतली नाही. तिन्ही गठ्ठे परत आले. काचेवर तीन लाल कागद आहेत, एकाखाली एक. तिसरा लावताना गाडीवालाच ओशाळला. म्हणाला, "काका, थोडा कोपऱ्यात लावू का?" मी म्हटलं, "मधोमध लाव."

पहिला दिवस वाईट गेला. मास्तर सवयीनं पाचला आले, अंगणात टब नाहीत बघून परत निघाले. त्यांना बसवून घेतलं. वासानं चार गिऱ्हाइकं दारातून मागे फिरली. बेकरीवाला म्हणाला, "काय शेट, भाचीची बदली झाली वाटतं?" मी म्हटलं, "नाही. ती काम करतेय." आता त्याचा नोकर रोज दारात येऊन आजचा वास किती ते हुंगून जातो, असं मामी म्हणते.

तासांचं मात्र ऐक. मी वही घेऊन बसलो, पण काही आठवेना. मामीला विचारलं. ती उठली आणि कॅलेंडरची मागची पानं घेऊन आली. पहिल्या दिवसापासून लिहिलेलं. किती वाजता सुरू, किती वाजता संपलं, कोण होतं, कोण नव्हतं. मी म्हटलं, "हे कशाला लिहीत होतीस?" म्हणाली, "कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. पण चुकून विचारलंच तर असावं."

मामी: तीनशे अठ्ठ्याहत्तर तास. हात चिघळले ते अठरा दिवस सोडून. मी: दोनशे एक्केचाळीस. मला साडेपाचशे वाटत होते. मास्तर: दोनशे पाच. पानं सोबत जोडली आहेत. मूळ पानंच पाठवतोय, नक्कल नाही.

तुला काळं फासू नकोस असं मी लिहिलं होतं, ते वाक्य मागे घेतो.

तुझा मामा

१९ एप्रिल

प्रिय मामा, प्रिय मामी,

समितीपुढे सोमवारी बोलले. आधी वरिष्ठांना नवे आकडे दाखवले तेव्हा ते म्हणाले, "हे प्रकरण सरळ गाळून टाका. दुकान सातचा उल्लेखच नको." मी म्हटलं, गाळणार नाही, दुरुस्त करणार. दोन दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

तिथे मी पहिल्यांदा चूक सांगितली, मग आकडे. पिशव्या खरोखर स्वच्छ हव्या असतील तर पाचपट नाही, नऊपट खर्च येतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त आजवर कुणाच्याही कागदावर नव्हता. अध्यक्षांनी चष्मा काढला. "ही चूक तुमच्या लक्षात कशी आली?" मी म्हटलं, "दुकानदाराच्या पत्नीनं पत्र लिहिलं." एक सदस्य म्हणाले, "आणि हा दुकानदार कोण?" मी म्हटलं, "माझा मामा." कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी मामीची कॅलेंडरची पानं मागून घेतली आणि शेवटच्या पानापर्यंत वाचली.

दंडाचं कलम गेलं. नियम अकराशे दुकानांना लागणार नाही, निदान वर्षभर. धुण्याची सोय सरकारनं करायची की पिशव्याच कमी करायच्या, यावर नव्यानं काम करायला सांगितलं आहे, आणि ते माझ्याकडेच दिलं आहे. नियम वाचवायला गेले होते, तो काही वाचला नाही. तरी पायऱ्या उतरताना मला चोरट्यासारखं वाटत नव्हतं.

छापील अहवाल तुमच्या पत्त्यावर पाठवायला सांगितलं आहे.

तुमची ठमी

५ मे

प्रिय ठमे,

डबा काल नेला. जाताना पुन्हा बिस्किटं पाडली.

अहवाल आज आला. मी दुकानात उभ्या उभ्याच उघडला. तुझं नाव दुसऱ्या पानावर आहे, त्यावर बोट ठेवून बेकरीवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "पण शेट, यात तर तिनं चूक कबूल केली आहे." मी म्हटलं, "हो. तुझ्या माहितीत कुणी सरकारी माणूस आहे का, ज्यानं केली?" तो विचार करायला लागला. अजून करतोय.

मग मामीला हाक मारली आणि पान एकेचाळीस वाचून दाखवलं. 'दुकान क्रमांक सात. दुकानदाराची पत्नी, पिशव्या धुणे व घड्या घालणे, तीनशे अठ्ठ्याहत्तर तास, बिनपगारी. हे श्रम सार्वजनिक खर्चात धरले आहेत.'

ती हात पुसत उभी होती. म्हणाली, "परत वाचा."

परत वाचलं.

म्हणाली, "बत्तीस वर्षं मी या दुकानात राबतेय. माझे तास पहिल्यांदा कुणी छापले, तर सरकारनं." मला वाटलं आता बोलणी बसणार, म्हणून मी तयारच होतो. पण तिनं अहवाल माझ्या हातातून घेतला आणि जाऊन गल्ल्यावर बसली. माझ्या खुर्चीत.

दुपार झाली तरी तिथेच आहे. मी मागे बसून खोकी फोडतोय आणि एका खोक्यावर कागद ठेवून हे पत्र लिहितोय. मघाशी नवा घाऊक माल घेऊन एक माणूस आला. त्यानं विचारलं, "मालक कुठे आहेत?"

ती म्हणाली, "समोरच बसलेय. बोला."

मी आतून सगळं ऐकलं, ठमे. आणि खोकी फोडत राहिलो.

तुझा मामा